शुक्रवारी मागितलेल्या सह्या

डांबरगोळ्यांचा वास आणि इस्त्रीच्या सुती सदऱ्यांची कोरडी ऊब. हिब्रू भाषा माझ्यापाशी अजूनही एवढ्याच रूपात उरली आहे. सिंगापुरातल्या वुडलँड्सच्या फ्लॅटमधलं कपड्यांचं कपाट सताड उघडून, लोंबणाऱ्या सदऱ्यांत तोंड घालून एझ्राकाका दर गुरुवारी संध्याकाळी आपला अर्ध्या तासाचा कार्यक्रम वाचत. कपडे प्रतिध्वनी गिळून टाकत, आणि खिडकीतून खाडीपलीकडच्या जोहोरकडचा, पावसाने धुतलेला पिवळा प्रकाश त्यांच्या पाठीवर रेंगाळत राही. मी वन-नॉर्थ भागातली नोकरी आटपून तिथे जाई, ध्वनिमुद्रण करी, खोकले-उसासे कापी आणि कार्यक्रम इंटरनेटवर चढवी. त्यातला एकही शब्द मला कळत नसे.

काका माझ्या नात्याचे नव्हेत; पेणचे, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. तरुणपणी इस्रायलला गेले आणि तिथे नव्याने येणाऱ्यांसाठी रेडिओवर सावकाश, सोप्या हिब्रूत बातम्या वाचण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. निवृत्तीनंतर मुलीपाठोपाठ सिंगापूरला आले आणि इथल्या इस्रायली कुटुंबांच्या मंडळासाठी पुन्हा वाचू लागले. पण मंडळात नवे लोक आले, कंपन्यांतले, घाईचे. त्यांना हा आवाज संथ वाटला, उच्चार हिंदुस्थानी वाटले. रविवारच्या बैठकीत कार्यक्रम दुसऱ्या कुणाला द्यायचा की नाही, हे ठरणार होतं.

माझं डोकंच फिरलं. मी महाडची, पत्रकं वाटत वाढलेली. कुणाचं बोलणं शुद्ध आणि कुणाचं अशुद्ध, हे ठरवणाऱ्यांशी आमच्या घराचं जुनं वैर. काकांना न सांगता मी निवेदन लिहिलं आणि शुक्रवारी, ज्या गृहसंकुलाच्या हॉलमध्ये ही कुटुंबं प्रार्थनेला जमत, तिथल्या व्हरांड्यात पेन घेऊन उभी राहिले. सूर्य नुकताच बुडाला होता. प्रार्थना संपवून पांढऱ्या कपड्यांतली माणसं चाफ्याच्या ओलसर गंधातून बाहेर येत होती, हसत होती, निवेदन वाचून मानाही डोलवत होती. पण पेन पुढे केलं की हात मागे जात. "नॉट नाऊ, प्लीज," एक बाई म्हणाली. नंतर कधी? कागद कोरा राहिला.

घरी पोचताच मी मंडळातल्या सगळ्यांना ईमेलने पत्र पाठवलं. वर्षानुवर्षं ऐकायला कान आहेत आणि सहीला हात नाहीत, भेकड कुठले, असं बरंच काही. फार चांगलं उतरलं होतं ते.

रविवारी मंडळाने कार्यक्रम काढून घेतला. काहीजण काकांच्या बाजूने बोलणार होते. पत्र वाचल्यावर गप्प बसले.

"अगं ए शहाणे," बैठकीहून परतल्यावर काका म्हणाले, "आमच्या बापजाद्यांना कोकणात शनवार तेली का म्हणायचे?"

"शनिवारी घाणा बंद असायचा म्हणून."

"आणि आमचा शनवार कधी लागतो?"

"शनिवारीच की."

"शुक्रवारी, दिवस बुडाला की. मग पेनसुद्धा धरत नाही कोणी. दर आठवड्याला शेवटी मी सूर्यास्ताची वेळ सांगतो ती कशाला, तुझ्या एमआरटी ट्रेनसाठी?"

ती वेळ मीच तर ध्वनिमुद्रित करत होते. तिच्या मागचीपुढची शांतता मोजूनमापून कापत होते. त्या क्षणी रडू यायला हवं होतं, निदान राग तरी. काहीच आलं नाही. भिंतीवरचा पंखा फिरत होता, तेवढंच दिसत राहिलं.

"माफीचं पत्र लिहिते," मी म्हटलं.

"लिही. पण या वेळी पाठवण्याआधी मला वाचून दाखव."

गुरुवारी नेहमीच्या वेळेला गेले. कपाट बंद होतं. काका खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते, आयुष्यात बहुधा प्रथमच नुसते ऐकायला. मी कागद उघडला. अन्याय, परंपरा, अज्ञान, क्षमा. शब्द खणखणीत होते, आणि मैदान भरलेलं असावं तसा माझा आवाज आपोआप चढत गेला.

"हळू गं," काका म्हणाले. "मी इथेच आहे."

मी आवाज खाली आणला. त्या आवाजात वाचण्यासारखं कागदावर फारसं काही उरलं नाही.