गिटारीच्या टोकावरचे आबा

वाल्मीकशेठच्या बँजो पार्टीत किशोर गिटार वाजवायचा. पेठ तालुक्यातला माणूस. द्राक्षबागेत छाटणीला म्हणून नाशिकला आला, मखमलाबादच्या एका वरातीत टेम्पोवरची गिटार ऐकली आणि तिथंच अडकला. शिकवलं कुणी नाही. ऐकून ऐकून बोटं बसवली, आणि ती डाव्या हाताची बोटं तारांवर अशी काही पळायची, की नवरदेवाचे मामेभाऊ दमून खाली बसायचे. त्याच्याकडे दुसरं होतं काय? बायको पल्लवी, भाड्याची एक खोली आणि तो डावा हात.

दसऱ्याला पार्टीची सगळी वाद्यं मांडून पूजा व्हायची. त्या वर्षी शेठला हुक्की आली. पार्टी काढणारे त्यांचे वडील, देवरामआबा, नुकतेच वारले होते. शेठनं भांडी बाजारातून आबांचा भरीव पितळी मुखवटा घडवून आणला, फेट्यामिशांसकट, आणि ठोकला कुठं? गिटारीच्या टोकाला, तारा पिळायच्या खुंट्या असतात तिथं! आता बाप कुठं बसवावा, याला काही धरबंध? पण कुंकू लागलेलं, नारळ फुटलेला. काढायची कुणाची छाती!

गिटार गळ्यात अडकवली की आबा निघाले जमिनीकडे. खरं तर ती पट्ट्यावर आपसूक आडवी राहायला हवी, म्हणजे डावा हात मोकळा राहतो. इथं त्याच हातानं मान उचलून धरायची आणि त्याच हातानं सूरही दाबायचे. घागर धरलेल्या हातानं भाकरी थापून बघा एकदा, मग कळेल. चार गाण्यांत किशोरचा खांदा भरून यायचा आणि मनगटातून कळ निघायची.

"शेठ, हिची मान खाली जाते. हात राहत नाय," तो एकदा म्हणाला.

"माझ्या बापाचं ओझं होतंय का रे तुला?" शेठ म्हणाले, आणि सगळी पार्टी फिदीफिदी हसली. हसायला कुणाच्या बापाचं काय जातं!

पल्लवी भाजीची गाडी लावायची. नवऱ्याचं मनगट शेकता शेकता तिनंच तोडगा काढला. तराजूचं किलोचं माप मोज्यात घातलं आणि गिटारीच्या मागच्या अंगाला, पट्टा अडकतो तिथं, बांधून दिलं. गिटार सरळ झाली! एकलहऱ्याच्या वरातीत त्या दिवशी किशोरनं असं काही वाजवलं, की म्हाताऱ्या पदर खोचून नाचल्या. कितीतरी दिवसांनी तो वाजवता वाजवता हसत होता.

तेवढ्यात शेठला मोजा दिसला.

"माझ्या बापाला पायातल्या मोज्यानं तोलतोस?" भर वरातीत त्यांनी मोजा कापला आणि मापासकट गटारात भिरकावला. "हं, वाजव आता."

किशोरनं वाजवलं. न वाजवून जाणार कुठं? अख्खी लग्नसराई त्यानं तशीच ओढली. सुरुवातीला बोटांना मुंग्या यायच्या. मग बोटं बधिर झाली, आणि एका सकाळी हातातला चहाचा कप सुटला. नस दबलीय, फार उशिरा आलात, असं डॉक्टर म्हणाले. शेठनं त्याला जनरेटरची गाडी ढकलायला ठेवलं आणि मी याला पोटाला लावलं म्हणून गावभर सांगितलं.

गिटार शेठच्या मुलानं, हर्षलनं घेतली. गंगापूर रोडला एका लॉन्सबाहेर भर दुपारी त्याची पहिली वरात. एक गाणं झालं न झालं तोच पोरगा खांदा चोळत म्हणाला, "पप्पा, काय जड आहे हे! काढा ना."

शेठनं तिथल्या तिथं पेचकस मागवला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! स्वतःच्या हातानं स्क्रू काढून आबांना मोकळं केलं.

"एवढं जड होतं, तर बोलायचंस ना," ते किशोरला म्हणाले. "तोंड नव्हतं का तुला?"

बोललो होतो, सगळ्यांदेखत बोललो होतो! शब्द किशोरच्या ओठांशी आले होते.

"धर, आबांना खाली ठेवू नकोस," म्हणत शेठनं मुखवटा पुढं केला.

उजवा हात गाडीच्या दांड्यावर होता. किशोरनं डावा पुढं केला. बोटं मिटलीच नाहीत. मुखवटा खणकन डांबरावर आपटला आणि आबांचं नाक चेपलं.

शेठनं त्याच्या थोबाडीत मारली. बँजो चालूच होता, वऱ्हाडी नाचत होते.

किशोर वाकला. उजव्या हातानं मुखवटा उचलला, सदऱ्याला पुसला आणि म्हणाला, "चुकलं, शेठ."