दातांचा शिकंजा

हिंदुराव सुतारांनी उभ्या जन्मात लाकूड धरलं ते पायांनी. जमिनीवर बसायचं, फळी दोन तळव्यांत दाबायची, अंगठे कडेला रोवायचे आणि रंधा ओढायचा. चामटोली गावात त्यांचे वडीलही असेच बसत. गेल्या वर्षी साखरेच्या आजारात उजव्या पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट कापावं लागलं. घरच्यांना ते ठाऊक होतं. गावात मात्र हिंदुराव भर उन्हाळ्यातही मोजे घालत आणि मोज्याच्या टोकात कापूस भरत. पायाची पकड गेली, हे तर त्यांनी घरातही सांगितलं नव्हतं. ‘‘कंबर भरून येते, आता उभ्यानं काम करेन,’’ एवढंच म्हणाले. म्हणून सुट्टीच्या दिवशी सून अक्षदा त्यांना टेबलावर बसवून लाकूड आवळून धरायचा शिकंजा घ्यायला उल्हासनगरला घेऊन गेली.

हातात काम होतं देऊच्या बंदुकीचं. देऊ वांगणीकडचा शेतकरी. रानडुकरांपासून भात राखायला त्याच्याकडे परवान्याची जुनी ठासणीची बंदूक होती आणि तिचा लाकडी दस्ता चिरला होता. हिंदुरावांनी शिसवाचा नवा दस्ता तासत आणला होता. मुठीत धरायची जागा, दस्त्याची मान, तेवढी गोल करायची राहिली होती, आणि नेमकं तेच काम पायात धरून होईना.

दुकानदार मुकेशशेठनं काउंटरवर दोन शिकंजे ठेवले. ‘‘देखो काका, हा प्लेन जबड्याचा, लकडी के लिए. हा दातवाला, फिटर लोक नेतात, लोहे के लिए. तुमचं काम काय आहे?’’

भर बाजारात बंदुकीचं नाव काढायला हिंदुरावांची जीभ रेटेना. आणि जन्मभर सुतारकी करून शिकंजा कधी वापरलाच नाही, हे सुनेदेखत सांगणं तर त्याहून वाईट. त्यांनी दोन्ही जबड्यांवरून बोट फिरवलं. सपाट जबडा कसला धरतोय? धरणं म्हणजे रुतणं, हे त्यांच्या पायांना माहीत होतं.

‘‘दातवाला द्या.’’

‘‘बाबा, लाकडावर वण उठतील ना?’’ अक्षदा हळूच म्हणाली.

‘‘तू पोळ्यांवर वण उठतात का ते बघ!’’

मुकेशशेठ मोठ्यानं हसला. अक्षदाही कसनुशी हसली. शिकंज्याची जड पिशवी स्टेशनापर्यंत तिनंच उचलली.

दुसऱ्या दिवशी शिकंज्याला हळदकुंकू वाहून हिंदुरावांनी दस्ता लावला. कानस फिरवली की दस्ता जरासा हले. हलला की त्यांना आपला पाय आठवे, आणि ते शिकंज्याचा दांडा आणखी पिळत. मान सुरेख गोल झाली. दस्ता सोडवला, तर मानेच्या दोन्ही बाजूंना दातांच्या रांगा उमटलेल्या. घासून काढाव्यात, तर मान बारीक होऊन मोडणार. अक्षदा कामावर गेलेली बघून त्यांनी तिची इस्त्री घेतली आणि ओलं फडकं ठेवून वाफ दिली. वरवरचे खड्डे भरून आले. खोलवरचे तसेच राहिले.

रविवारी देऊ आला. दस्ता उलटासुलटा करत म्हणाला, ‘‘काय रं हिंदूदादा, डुकरानं आधीच चावा घेतला का काय?’’

‘‘सुनेनं आवळला,’’ हिंदुराव म्हणाले. ‘‘मी पाणी प्यायला उठलो, तेवढ्यात.’’

बोलून झाल्यावर त्यांना दिसलं, अक्षदा चहा घेऊन दारातच उभी आहे.

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्याकडून जास्त पिळला गेला.’’

‘‘बाईच्या हाती सुतारकी दिलीस, मंग असाच होणार!’’ देऊ हसला. चहा प्यायला, दस्ता पोत्यात गुंडाळला आणि मोटरसायकलला किक मारून गेला.

अक्षदा कप उचलायला वाकली. हिंदुरावांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी वाकून उजवा मोजा काढला. कापसाचा बोळा जमिनीवर पडला.

‘‘पाय धरत नाही माझा,’’ ते म्हणाले. ‘‘कंबरेला काही झालेलं नाही.’’

‘‘माहितेय, बाबा. रंधा मारताना सटकतो ना. आणि कापूस मीच बदलते. तो मळतो, तुमच्या लक्षात येत नाही.’’

हिंदुरावांच्या कानशिलांपर्यंत ऊन चढल्यासारखं झालं. म्हणजे तिला दुकानातही माहीत होतं. तरी ती मुकाट हसली होती, आणि आता दोषही तिनंच अंगावर घेतला होता.

‘‘देऊला फोन लाव,’’ ते म्हणाले.

‘‘राहू द्या आता.’’

‘‘लाव.’’

तिनं लावला. देऊ वाटेतच कुठंतरी थांबला असावा.

‘‘देऊ, तो दस्ता मीच आवळला. पोरीचा काही संबंध नाही. माझा पाय गेलाय, शिकंजा घेताना तिचं ऐकलं नाही.’’



‘‘मंग तवाच सांगायचा ना,’’ देऊ म्हणाला. त्याच्या आवाजात हसू नव्हतं. ‘‘मी काय काय बोललो तिला, तुझ्यासमोर. तू गप बसलास.’’

फोन बंद झाला. हिंदुरावांनी तो सुनेच्या हातात दिला, आणि जमिनीवरचा कापूस उचलायला ती वाकायच्या आत स्वतःच उचलला.