तपासणीच्या दिवशीची पेशंट

“तू आडवी हो. तुला पेशंटच शोभतं,” ट्यूटर सिस्टर म्हणाल्या. वर्गातल्या मुली हसल्या.

मी खाटेवर आडवी झाले. नर्सिंगच्या शाळेत अंग पुसणं, चादर बदलणं शिकवायला कुणीतरी पेशंट व्हावं लागतं. पाळीपाळीने व्हायचं असतं. आमच्याकडे ती पाळी कायम माझी. वर्गात बौद्धवस्तीतून आलेली मी एकटीच. हॉस्पिटलात ड्युटी लागली की मला बेडपॅन धुवायची खोली, बाकीच्यांना बाळंतिणींचा वॉर्ड. “तिथे चांगल्या घरच्या बायका असतात. त्यांना तुझा हात चालायचा नाही,” हे सिस्टरांनी मला तोंडावर सांगितलेलं. शिकताना माझ्या अंगावर सगळ्यांचे हात चालत. माझाच हात तेवढा कुणाला चालत नव्हता.

आणि बाळंतपणं केल्याशिवाय परीक्षेला बसू देत नसत. म्हणजे माझा सगळा कोर्स पाण्यात.

घरी सांगितलं. वडील पिंपरीच्या कंपनीत भट्टीवर होते. शिफ्ट करून कासारवाडीला आले की बोलायचंही त्राण नसायचं. म्हणाले, “गप र्‍हा पोरी. कोर्स हातचा जाईल.” गप्प राहूनच तो हातचा चालला होता, हे त्यांना कसं सांगू?

मग तपासणी आली. हा कोर्स इथे चालू ठेवायचा की नाही, ते ठरवायला मुंबईहून माणसं येणार होती. काय ती धावपळ! भिंतींना चुना लागला. पुस्तकांच्या कपाटाचं कुलूप पहिल्यांदा निघालं. हाडांचा सांगाडा दुसऱ्या हॉस्पिटलातून उसना आणला. मला वेडीला आशा लागली, की आता तरी कुणी विचारील.

त्या दिवशीही मी खाटेवरच. एक मुलगी माझा हात पुसून दाखवत होती. तपासनीस बाईंनी विचारलं, “सगळ्या मुलींना सगळ्या वॉर्डांत काम मिळतं ना?”

“अगदी सगळ्यांना,” सिस्टर म्हणाल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ताडकन उठून बसले.

“बाई, मला नाही मिळत. बाळंतिणींच्या वॉर्डात मला जाऊ देत नाहीत. माझ्या जातीमुळे.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सिस्टरांकडे पाहिलं. मग गोड हसून म्हणाल्या, “पेशंटने मध्ये बोलायचं नसतं.”

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. आणि चहाला गेले. शाळेला शेरा मिळाला, उत्तम.

तोवर मी समजत होते, की वरच्यांना माहीत नाही म्हणून हे चाललंय. आता त्यांना माहीत होतं, मी माझ्या तोंडाने सांगितलं होतं. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं.

दुसऱ्या दिवशी बेडपॅनच्या खोलीकडे मी फिरकलेच नाही. सरळ बाळंतिणींच्या वॉर्डात गेले. कोपरापर्यंत हात धुतले. टेबलाजवळ उभी राहिले.

“बाहेर हो! नाव काढून टाकीन,” सिस्टर ओरडल्या.

“काढा. तोवर मी इथेच.”

टेबलावरची बाई कळांनी विव्हळत होती. सिस्टरांना माझ्याशी भांडायला सवड नव्हती. बाळ त्यांनीच घेतलं, मला बोटही लावू दिलं नाही. मी सगळं डोळे फाडून बघितलं. पुढच्या सकाळी परत गेले, हात धुऊन तिथेच उभी राहिले. नाव काढायचं तर त्यांनी काढावं. मी होऊन आता एक पाऊल मागे घेणार नव्हते.