पाहुण्या संघाची पंगत

उत्तर कॅरोलायनातल्या त्या गावात काळ्यांच्या कॉलेजशी बास्केटबॉल खेळायला कुठलाही संघ आला, की तो उतरायचा ओझेला ट्रॉटमन यांच्या घरी. हॉटेलं होती, पण त्या काळी ती फक्त गोऱ्यांसाठी. ओझेलाबाई विधवा, अंगानं भरभक्कम, आणि पाहुणा अर्धपोटी उठला तर तो स्वतःचा अपमान मानणाऱ्या. उंच पोरांचे पाय पलंगाबाहेर यायचे, त्याखाली बाई खुर्च्या लावून द्यायच्या.

पण बाईंकडे जेवलेला संघ हमखास हरायचा.

"बाईंची कोंबडी म्हणजे आमचा सहावा खेळाडू!" कॉलेजचे कोच बॅस्किन चर्चच्या पायरीवर म्हणायचे. लोक खो खो हसायचे. बाईंना वाटायचं, कौतुकच चाललंय.

त्या फेब्रुवारीत व्हर्जिनियाचा संघ आला. वाटेत कुणी त्यांना साधी कॉफीसुद्धा दिली नव्हती. टेबलावर तळलेली कोंबडी, गरम मक्याची भाकरी, चीज घातलेली मॅकरोनी. पोरं तुटून पडणार, तोच त्यांचे कोच प्रुइट ओरडले, "हात लावायचा नाही! एकेक भाकरी खा आणि उठा."

"का हो? माझ्या हाताला काय झालंय?"

"हाताला काही नाही, बाई. पण मागच्या वर्षी आमचा पोरगा मैदानात जांभया देत होता. गाव म्हणतं, तुम्ही मुद्दाम चारता."

बाईंचा चेहरा उतरला. "उपाशी आलेल्या पोरांना मी डाव साधून चारीन?"

त्या ॲप्रनसकट तडक कॉलेजात गेल्या. "बॅस्किन, तुझी पोरं घेऊन ये जेवायला. सगळी. आत्ता."

"अहो, पण संध्याकाळी मॅच आहे!"

"मॅच त्यांचीही आहे."

बॅस्किन लहानपणी चर्चमध्ये बाईंच्याच रविवारच्या शाळेत शिकलेले. मुकाट्यानं आले. दोन्ही संघ एका पंगतीला बसले. बाई डाव घेऊन उभ्या. दुसऱ्यांदा वाढून घेतल्याशिवाय कुणाची उठायची हिंमत झाली नाही. पंचही बाईंकडेच उतरले होते, तेही बसले.

संध्याकाळी खेळ सुरू करायला पंचांनी चेंडू वर उडवला, पण त्याच्यामागे उडी कुणीच मारली नाही. निसटलेल्या चेंडूमागे धावावं की नाही, याचा पोरं आधी विचार करत. पंचांची शिट्टी अर्ध्यात दम सोडायची. "उठवा रे त्यांना कुणीतरी!" लोक ओरडले. पहिल्या रांगेत चर्चला जातानाची ठेवणीतली टोपी घालून बाई एकट्या टाळ्या वाजवत होत्या.

शेवटी व्हर्जिनियाच्या एका पोराला पुढं पळायचा कंटाळा आला. त्यानं होता तिथूनच चेंडू भिरकावला. तो बास्केटमध्ये पडला आणि पाहुणे जिंकले.

"बाई, हरवलंत आम्हाला!" बॅस्किन कळवळले.

"मी? तुझीच पोरं तिसऱ्यांदा मॅकरोनी मागत होती."

सकाळी प्रुइट टोपी काढून दारात आले. "चुकलो, बाई. आता... उरलं असेल तर बांधून द्याल? वाटेत कुठं मिळायचं नाही."

बाईंनी बुटांच्या रिकाम्या खोक्यांत आधीच बांधून ठेवलं होतं.

बॅस्किन ईस्टरपर्यंत बाईंशी बोलले नाहीत. ईस्टरच्या दुपारी मात्र दारात येऊन उभे राहिले. "एकटाच आलोय. संघ नाही आणला."

"हात धू," बाई म्हणाल्या.