सुलभाताईंच्या चिठ्ठीतला शेवटचा एक

सुलभाताई कांबळे टेबलाच्या काचेखाली आठ चौकोनांची चिठ्ठी ठेवायच्या. कुणी वाईट वागलं की एका चौकोनात एक. उट्टं काढलं की त्याच जागी शून्य. नावं कुठेच नाहीत. त्या विसरत नसत.

उद्यमनगरातल्या कारखान्यात आम्ही भजनी मंडळांसाठी इलेक्ट्रॉनिक तबला बनवायचो. आवाजाच्या चिपच्याच भाषेतला असेंब्ली प्रोग्रॅम ताईंचा, चाचण्यांच्या याद्या माझ्या. नव्या माणसाला त्या सांगायच्या, "बाइटात आठ बिट. हवा त्यो बिट तपासायचा. एक असंल तर मदल्या ओळी सोडून उडी, शून्य असंल तर सरळ पुढची ओळ. पण ही उडी आखूड हाय, जेमतेम सव्वाशे बाइट. मदी लई काय कोंबू नगा, उडी पोचायची न्हाई."

प्रोग्रॅम पुरा झाला आणि मॅनेजर मान्यांनी त्यावर स्वतःचं नाव घातलं. ताईंची बढतीही त्यांनाच मिळाली. बढतीच्या फॉर्मवरचा 'प्रोग्रॅम लिहिणार' हा रकाना मी भरला होता, साहेबांच्या सांगण्यावरून. चिठ्ठीत दोन नवे एक उमटले.

मग बेळगावचं गिऱ्हाईक आलं. त्यांना त्रितालात एक तिहाई, म्हणजे तीनदा वाजून समेवर येणारा तुकडा, वाढवून हवी होती, त्यांच्या समोरच. मान्यांनी ती नेमकी उडीच्या मध्ये घातली. स्क्रीनवर आलं, उडी आवाक्याबाहेर. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"सुलभाताई, जरा बघा की."

ताईंनी बशीत चहा ओतला. "मी कशाला, सायेब? तुमचाच प्रोग्रॅम हाय. कागदावर नाव हाय की."

"काय हो साहेब," बेळगावचे पाहुणे हसले, "तुमचंच लेकरू तुम्हाला ओळखंना व्हय?"

शेजारी कारखान्याचे मालक उभे होते. माने पुटपुटले, "प्रोग्रॅम यांचा आहे."

"मोठ्यानं बोला, सायेब. मशीनचा आवाज लई हाय."

माने मोठ्यानं बोलले. मग ताई उठल्या. तपासणी उलटी केली, तिच्याखाली लांब उडीची एक ओळ जोडली. तिहाई वाजली. चिठ्ठीतला एक पुसून तिथं शून्य आलं.

पुढच्याच महिन्यात त्यांनी पुण्यात नोकरी धरली. निघताना मी विचारलं, "ताई, राहिलेला एक कुणाचा?"

"तुमचा, दादा. त्यो चोर हुता, त्यानं चोरलं. तुमाला खरं ठावं हुतं, तरी सुवाच्य अक्षरात त्याचं नाव लिवलंसा."

"मग उट्टं?"

"काढलं की." त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. "ही तुमच्याजवळ ठिवून चाल्लो."

माझ्या याद्यांत प्रत्येक कामापुढे झाल्याची खूण असते. माझ्या टेबलाच्या काचेखालचा तो एक मात्र पुसायला माझा हात होत नाही.