वन्संचं बोट

धूळ शोधायला वन्संना चष्मा लागत नसे. थोरल्या नणंदबाई माहेरी आल्या की चपला काढता काढताच त्यांचं बोट कपाटावरून फिरायचं, मग फ्रिजवरून. तोंडाने अवाक्षर नाही. बोट उजेडात धरून बघायचं आणि पदराला पुसायचं, बस्स! लग्न होऊन आल्यापासून वहिनी ते मुकाट्याने गिळत आली होती. घरीदारी सगळ्यांची वहिनी असलेली ही बाई उलट बोलणाऱ्यांतली नव्हतीच.

आणि नोकरी मिळाली ती नेमकी लोकांना हटकण्याची! संग्रहालयात एका दालनावर तिचा पहारा असे. सध्या तिथे एका शेठजींच्या घरची चित्रं मांडली होती, सगळी महायुद्धानंतरच्या नव्या वळणाची. शेठजींनी संग्रहालयाच्या साहेबांना बजावलं होतं, "एका जरी चित्राला कुणाचं बोट लागलं, तर सगळी उतरवून घरी नेईन." साहेबांनी ते वहिनीच्या कानावर घातलं आणि पुढे जोडलं, "मग तुम्हीही घरी."

रविवारी वन्सं दालन बघायला आल्या. "आमची ही लाखमोलाची चित्रं सांभाळते," असं त्यांच्या भावाने कौतुकाने सांगून ठेवलं होतं ना! नेमके शेठजीही बाकावर काठी टेकून बसलेले.

रंगाचे शिंतोडे उडवलेल्या चित्रापाशी वन्सं थांबल्या. "अगं, तुझ्या ओट्यामागची भिंत अशीच दिसते की!"

पुढचं चित्र मधोमध चिरलेलं. "टाका घालून तरी लावायचं."

आणि मग आलं ते भलंमोठं करडं चित्र. चित्रकाराने रंगात खरीखुरी राख आणि माती कालवून थर दिले होते. वन्संचा चेहरा एकदम उजळला.

"वहिनी, केवढी ही धूळ!"

"वन्सं, ती चित्रकारानेच लावलीय."

"लावलीय? आणि तुला पगार कशाचा देतात गं?"

बोट उठलं. देवा, एवढ्यापुरती वाचा दे, असं वहिनी मनात म्हणाली आणि तिच्या तोंडून असा काही आवाज फुटला, की तो आपलाच हे तिला पटेना.

"हात खाली!"

दालनातल्या सगळ्यांचे हात खाली गेले. शेठजींची काठी खाडकन पडली. वन्संचं बोट चित्रापासून वीतभर अंतरावर अडकलं.

"मला म्हणालीस?"

"हो, वन्सं." वहिनीने जमिनीवर आखलेली रेष दाखवली. "जरा रेषेच्या मागे व्हा. आणि हळू बोला."

शेठजी काठी उचलून जवळ आले. आता चित्रंही जाणार आणि नोकरीही, असं वहिनीला वाटलं. पण ते वन्संना म्हणाले, "बाई, रागावू नका. काल यांनी खुणेने मलाही मागे सरकवलं. चित्र माझंच आहे, तरी!"

मालकच रेषेमागे उभा म्हटल्यावर वन्संनी बोट आवरलं. पदर सावरत त्या मागे झाल्या.

संध्याकाळी दोघी घरी आल्या. चपला काढता काढता बोट सवयीने कपाटाकडे निघालं. प्रदर्शनाच्या धावपळीत तिथे चांगलीच धूळ साठली होती. वहिनी पाणी घेऊन येत होती. ती फक्त खाकरली.

बोट हवेतच थांबलं. वन्संनी हात मागे घेतला आणि एक पाऊल मागे सरकून दबक्या आवाजात विचारलं, "हे पण... लावलेलंच आहे का गं?"

"हो," वहिनी म्हणाली आणि पाण्याचा पेला पुढे केला.