पाच गाठींचं कार्ड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानाही हा विषय तेवढा बाजूला ठेवत आले. तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पांढुर्ण्यात एका डॉक्टरीणबाईंकडे मी पेशंटांची कार्डं सांभाळत असे. दोन खोल्यांचा दवाखाना, एक लोखंडी कपाट, किल्ली माझ्या कमरेला. बाईंचा नियम कडक. कार्ड माझ्या हातातून त्यांच्या हातात जायचं आणि तिथून परत कपाटात. पेशंटच्या नवऱ्यालासुद्धा दाखवायचं नाही. लहान गावात आजार फुटला की माणूस गावातून उठतो, असं त्या म्हणत. मीही म्हणत असे — मोठ्या तोऱ्यात.

टीबीच्या कार्डावर बाहेर आजाराचं नाव नसे, फक्त कोपऱ्यात ओवलेला लाल दोरा. दोऱ्याला गाठी. जितक्या कार्डाला, तितक्याच त्या पेशंटच्या थुंकीच्या डबीला. युक्ती माझी. आमची आया शेवंता हिला वाचता येत नव्हतं, ती गाठी मोजून डबी आणि कार्ड जुळवायची. एकदाही चुकली नाही.

विमलच्या कार्डाला पाच गाठी होत्या. विमल म्हणजे प्राथमिक शाळेतली शिक्षिका. दीड वर्ष औषधं घेऊन ती बरी झाली होती. ‘पूर्ण बरी’ ही कार्डावरची शेवटची ओळ मी स्वतः वाचली होती. तिचं लग्न सौंसरच्या संत्र्याच्या बागवाल्यांकडे ठरलं. त्याच लोकांनी दोन वर्षांपूर्वी मला पाहिलं होतं, पोहे खाल्ले होते, आणि ‘पोरगी रंगानं उतरती आहे’ असा निरोप धाडला होता. विमलनं माझं काय बिघडवलं होतं? काही नाही. ती पेढे घेऊन आली, हसून माझ्या हातावर पेढा ठेवला. तो तोंडात असतानाच मी ठरवलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या अल्याड आम्ही, पल्याड सावरगाव, मधे दगडांचा मारा — आणि फुटलेली डोकी आमच्या दारात. पट्ट्या आणि कापूस कपाटाच्या खालच्या खणात, म्हणून त्या दिवशी कपाट उघडंच राही. शेवंता दहादा कपाटाशी गेली. मी एकदाच गेले. भर दुपारी, बाई टाके घालत असताना.

घरी जाताना मी ते कार्ड नवऱ्या मुलाच्या मामाच्या ओसरीत टाकलं. मामाचं घर गावातच होतं. पण तिथेच का? शेवंता सकाळी तिथे भांडी घासायची, म्हणून. हेही पेढ्याबरोबरच सुचलं होतं.

तिसऱ्या दिवशी मामानं कार्ड बाईंच्या टेबलावर आपटलं. “बिमार पोरगी आमच्या गळ्यात बांधून राहिले होते काय?” बाईंनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ती मोठ्यानं वाचली. त्यानं ऐकली नाही. लग्न मोडलं.

मग बाईंनी आम्हा दोघींना समोर उभं केलं. शेवंता रडली नाही. म्हणाली, “बाई, मले वाचता येत नाही. एवढ्या कार्डांतून मी विमलताईचंच कसं उचलीन?”

बाई थबकल्या. ती सुटलीच होती — मी गप्प राहिले असते तरी सुटली असती. मी गप्प राहिले नाही.

“पाच गाठी तं मोजता येते नं तुले, शेवंता?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला त्याच क्षणी सगळं कळलं. पण ती सावरगावच्या बौद्ध वस्तीतली आणि मी इथल्या पाटलांची. बाई कुणाचं खरं मानतील, याची मला शंकासुद्धा आली नव्हती. संध्याकाळपर्यंत तिची दोन्ही कामं गेली. ती कापूस वेचायला जाऊ लागली. विमलनं बदली मागून घेतली, तिगावला गेली. आणि बाईंनी कपाटाची दुसरी किल्लीही माझ्याकडे दिली. मला वाईट वाटलं का? खरं सांगू — झोप छान लागत होती.

चार वर्षांनी शेवंता आली. पेशंट म्हणून. खोकून खोकून वाकलेली. बाईंनी तपासलं आणि मला म्हणाल्या, कार्ड कर. मी नाव लिहिलं, लाल दोरा ओवला. ती समोरच्या बाकावरून माझ्या बोटांकडे बघत होती.

“मले किती गाठी, ताई?”

“सात.”

“पक्क्या मारजा,” ती म्हणाली. “तुमच्या कपाटातून कार्डं जातेत.”

बाई आतच होत्या, दार उघडं होतं. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो?

मी सात गाठी मारल्या. पक्क्या. कार्ड कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.